एका खुणेवर दोन माणसं

हे खरं आहे. आधीच सांगते, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको.

शपथा वगैरे मी घेणार नाही. माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी पुष्कळ घेतल्या होत्या, तेव्हापासून शपथांवरचा माझा विश्वास उडालाय.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. भुतं फक्त रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या सासरच्या लाँड्रीत एक दुपार काढून बघावी.

या हकिकतीत एक नाव आहे. ते मी कुठेही लिहिणार नाही.

ते घेतलं की कुणीतरी ओ देतं. आणि ओ देणारा कोण, हे आता मला सांगता येत नाही...

खाली लाँड्री, वर घर. पुढे काउंटर, मागे धुण्याचं यंत्र, बॉयलर आणि वाफेची मोठी इस्त्री. इस्त्रीचं झाकण दाबलं की फुस्स करून वाफ सुटायची. दिवसभर फुस्स, फुस्स. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना माझं डोकं दुखायचं. मग सवय झाली. बाईला कशाचीही सवय होते असं म्हणतात. ज्यांना करून घ्यावी लागत नाही, ते म्हणतात.

भिंतीवर छतापर्यंत लाकडी खण होते. एका गिऱ्हाइकाला एक खण, आणि प्रत्येकाची एक खूण. लाल दोऱ्यानं कॉलरच्या आतून घातलेली. कुणाची तीन ठिपके, कुणाची त्रिकोण, कुणाची चौकट. नावं लिहीत बसायला वेळ कुणाला? कपडे धुऊन आले की कॉलर उलटायची, खूण बघायची, खणात टाकायचं.

घरच्या माणसांचेही खण होते. मी आले तेव्हा मला दोन आडव्या रेघा मिळाल्या. मंगळसूत्रापेक्षा मला त्याचंच अप्रूप वाटलं होतं, तेव्हा मी तशी बावळटच होते.

सगळ्यात वरच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात एक खण होता. त्याची खूण दोन फुल्या आणि खाली एक रेघ. त्यात एकच कपडा. निळा शर्ट, कडक इस्त्रीचा.

तो माझ्या मोठ्या दिरांचा. नवऱ्याचा दादा.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधी नऊ वर्षं, एका मंगळवारी दुपारी, ते सायकलवरून कपड्यांचे गठ्ठे पोचवायला गेले आणि चौकात ट्रकखाली आले. तेवीस वर्षांचे होते. संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं म्हणून निळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तो तसाच राहिला.

"दादा कसा होता?" मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

"गप्प. कधी हसायचा नाही. एवढा मोठा झाला, पण हसताना मी त्याला पाहिलेला नाही. आणि एक गंमत सांगू? मागच्या दारानं आला की दोनदा टकटक करायचा आणि उभा राहायचा. आई 'ये' म्हणेपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही."

"स्वतःच्या घरात?"

"स्वतःच्या घरात. आई म्हणायची, असा शहाणा मुलगा लाखात एक."

हे सांगताना त्याचा चेहरा पडला. लाखात एक मोठा भाऊ गेल्यावर उरलेल्या धाकट्यानं काय करायचं असतं? आयुष्यभर आईची भरपाई. ती भरपाई मी कशी झाले, ते आता सांगते.

लाँड्रीत एक मावशी होती. इस्त्रीवर तीस वर्षं उभी. पायांच्या शिरा सुजलेल्या, तोंड फाटकं, मन साफ. खुणा घालायला तिनंच मला शिकवलं.

"एका खुणेवर एकच माणूस, पोरी. तुझ्या सासऱ्यांचा नियम होता. गिऱ्हाईक गेलं, मग ते गाव सोडून जाऊ दे नाहीतर जग, त्याची खूण लगेच दुसऱ्याला द्यायची नाही."

"का?"

"जुन्याचं काही ना काही मागे राहिलेलं असतं. एखादा रुमाल, एखादी चादर. ते उशिरा येतं. तोवर खुणेवर नवा माणूस बसवला की झाली अदलाबदल. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला."

"मग काय करायचं?"

"दोघांनी आपापला गठ्ठा घेऊन काउंटरवर यायचं. समोरासमोर उघडायचं आणि ज्याचं त्यानं घ्यायचं." तिनं कात्री माझ्यासमोर नाचवली. "आणि तोवर खूण उसवायची नाही! एकदा उसवली, की कुणाचं कुणाकडे गेलंय ते ओळखणार कशावरून?"

हे मी ऐकलं होतं. नीट, दोन्ही कानांनी ऐकलं होतं. म्हणूनच जास्त जळतं.

मला मुलगा झाला.

नाव आमचं पाचव्या महिन्यापासून ठरलेलं होतं. मी सुचवलेलं, नवऱ्याला आवडलेलं. छोटंसं, हसरं नाव. आणि खूणही मी ठरवली होती, एक छोटं घर. मावशीनं लाल दोरा बाजूला काढून ठेवला होता.

बाळंतपण अवघड गेलं. तिसऱ्या दिवशी मला ताप चढला. शुद्धीवर आले तेव्हा नवरा खिडकीशी उभा होता आणि दवाखान्याचा फॉर्म भरून गेला होता.

"नाव लिहिलंस?" मी विचारलं.

तो बाहेर बघत म्हणाला, "दादाचं लिहिलं."

मला वाटलं, तापात ऐकतेय.

"आपलं काय ठरलं होतं?"

"अगं, आईनं हात जोडले माझ्यासमोर. मी काय करणार होतो?"

"मीही जोडले असते. विचारलं असतंस तर."

मूग गिळून बसण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

घरी आले तर बाळाची सगळी झबली धुऊन, घडी करून तयार. एक झबलं उलटून बघितलं. दोन फुल्या, खाली रेघ. एकतीस झबल्यांवर तेच. सासूबाईंनी दोन दिवस बसून घातली होती ती खूण. आणि निळ्या शर्टाशेजारी, त्याच खणात, रचून ठेवली होती.

"आई, तो शर्ट तरी काढा तिथून," मी म्हटलं.

"असू दे गं. त्याचाच आहे ना."

मोठा झाल्यावर बाळाला होईल, असं त्यांना म्हणायचं असेल, असा अर्थ मी लावला. काही अर्थ लावल्याशिवाय त्या घरात राहता येत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, बाई दुष्ट नव्हती. बाळाला न्हाऊ घालायची, रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची. पण बाळाकडे बघताना तिची नजर बाळावर थांबायची नाही. काचेतून पलीकडचं बघावं तशी ती त्याच्यातून पलीकडे बघायची.

आणि माझं बाळ? ते हसरं होतं. इतकं हसरं की गिऱ्हाइकं घाईत असली तरी दोन मिनिटं थांबायची. इस्त्रीचा फुस्स आवाज आला की खदखदून हसायचं. हसून हसून शेवटी उचकी लागायची त्याला. प्रत्येक हसण्याच्या शेवटी एक उचकी. शंभर मुलांत मी ते हसणं ओळखीन.

एवढं लक्षात ठेवा.

आठ महिन्यांचा होता तेव्हा पहिल्यांदा घडलं.

दुपारी एक ते चार लाँड्री बंद असायची. शटर खाली, बॉयलर थंड, मावशी घरी. मी वर बाळाला भरवत होते. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी दोरीवरचे कपडे काढत होत्या. तिथूनच त्यांनी बाळाला लाडानं नावानं हाक मारली.

बाळानं मान वळवली. हसलं.

आणि खालून, मागच्या दारावर...

टक. टक.

सासूबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली.

"कोण आहे?" मी ओरडले.

मी खाली जाऊन दार उघडलं. बोळ रिकामा. भिंतीला टेकलेली दादांची जुनी सायकल, त्या अपघातात चाक वाकलेली, नेहमीसारखी धूळ खात उभी.

फक्त सीटवरची धूळ पुसलेली होती...

वर आले तर सासूबाई रडत होत्या. दुःखानं नाही. आनंदानं.

त्यानंतर त्या रोज दुपारी हाक मारायला लागल्या. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, तोंड खाली करून. बाळ वर, आणि हाक खाली.

कधी काहीच यायचं नाही. कधी यायचं, टक टक. मग त्या हळूच म्हणायच्या, "ये."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पाइप वाजत असतील. बॉयलर थंड होताना वाजतात. मी म्हटलं, बॉयलर बरोबर दोनदाच वाजून 'ये' म्हणायची वाट बघतो का? तर म्हणे, तुला झोप कमी पडतेय. नवऱ्यांकडे सगळ्या भुतांवर हा एकच उतारा असतो.

मग खणातला शर्ट...

एका सकाळी झबली काढायला गेले आणि हात लागला. गरम होता. आत्ताच इस्त्रीखालून काढल्यासारखा. आदल्या संध्याकाळपासून इस्त्री बंद होती.

दोन दिवसांनी त्याची घडी मोडलेली. चार दिवसांनी कॉलर मळलेली. घातल्यावर मळते तशी, मानेच्या रेषेत.

मी शर्ट मावशीपुढे धरला. तिनं कॉलर पाहिली, खूण पाहिली आणि हात मागे घेतला.

"मी नाही लावणार हात."

"मावशी, काय आहे हे?"

"मी तुझ्या सासूला फॉर्म भरायच्या आधीच सांगितलं होतं. मेलेल्याची खूण अजून मोडलेली नाही, तिच्यावर जिवंत पोर बसवू नका. पण आमचं कोण ऐकतं? आम्ही इस्त्रीवाल्या." तिनं एप्रन सोडला. "तू पोराला सांभाळ. त्याचं काही हरवतंय का, त्याच्यावर लक्ष ठेव."

"काय हरवेल?"

"ते मला काय ठाऊक? अदलाबदलीत काय जाईल ते गेल्यावरच कळतं."

तीस वर्षांचं काम सोडून ती त्या दिवशी गेली. परत आली नाही.

मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागले. झबली मोजली, एकतीसच्या एकतीस. खेळणी, दुपटी, टोपडी मोजली. सगळं जागेवर.

मोजता येईल तेच मोजत बसले मी.

आणि आता तो मंगळवार.

बाळ चौदा महिन्यांचं होतं. वरच्या खोलीत त्याच्या कठड्याच्या खाटेत झोपलं होतं. मी शेजारी बसून बटणं लावत होते. खाली सासूबाई. नवरा बाहेर गेला होता.

तीन वाजून दहा मिनिटं.

खालून आवाज आला...

टक. टक.

मग सासूबाईंचा. "ये."

मग...

फुस्स.

बॉयलर थंड होता. वाफ येणार कुठून?

आणि त्या फुस्सवर कुणीतरी हसलं.

खदखदून. पोट धरून. आणि शेवटी एक उचकी...

माझं बाळ खाली कधी गेलं? जिन्याला दार होतं, दाराला कडी होती. मी दचकून खाटेकडे बघितलं.

बाळ खाटेतच होतं.

उठून बसलेलं. कठडा धरून, डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले. ऐकत होतं.

खालून पुन्हा हसणं आलं. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या मुलाचे ओठ मिटलेले होते, आणि त्याचं हसणं खालून येत होतं.

मी त्याला कडेवर घेतलं आणि खाली गेले. आता वाटतं, जायला नको होतं. उचलून तशीच रस्त्यावर पळाले असते तर?

लाँड्रीत अंधार नव्हता. शटरच्या फटींतून उन्हाच्या रेघा फरशीवर पडल्या होत्या. खणांसमोर सासूबाई मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर निळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

शर्ट सपाट पडलेला नव्हता.

त्याच्या आत काहीतरी होतं. छातीच्या जागी कापड वर-खाली होत होतं. हळू, झोपलेल्या मुलासारखं...

उचकीचा एक आवाज झाला आणि हसणं थांबलं.

सासूबाईंनी आधी मांडीकडे बघितलं. मग माझ्या कडेवर. मग पुन्हा मांडीकडे. एका खुणेवर दोन गठ्ठे आल्यावर काउंटरवरची बाई बघते तसं.

तेवढ्यात माझ्या कडेवरच्या बाळानं हात पुढे केला. शेजारी काउंटर होता. त्यानं मूठ वळली आणि त्यावर ठोकलं.

टक. टक.

आणि थांबला. वाट बघत...

"आई, नका म्हणू," मी म्हटलं. आवाज निघालाच नाही.

सासूबाई म्हणाल्या, "ये."

बाळ जड झालं. एकाएकी, ओल्या कपड्यांचा गठ्ठा हातात पडावा तसं. मी जवळजवळ खाली बसले. मग पुन्हा नेहमीसारखं झालं. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, शहाण्यासारखं.

त्या संध्याकाळी मी एकतीसच्या एकतीस झबल्यांवरची खूण उसवली.

रागानं. कात्रीनं टराटरा. लाल दोऱ्याचा ढीग झाला पायाशी. मावशीचा नियम आठवला का? आठवला. पण मला वाटलं, खूण गेली की प्रकरण संपलं. सुंठीवाचून खोकला गेला.

नवऱ्याला सांगितलं, मी निघाले. यायचं तर ये, नाहीतर आईजवळ राहा. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या बाजूनं उठला. कदाचित त्यालाही काही ऐकू आलं असेल. तो कधी बोलला नाही.

दारात सासूबाई उभ्या होत्या. मला वाटलं रडतील, शिव्याशाप देतील. पण त्या शांत होत्या.

"ने, तुझं तू ने," त्या म्हणाल्या. "माझं माझ्याजवळ आहे."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आम्ही दूर आलो. दुसरं शहर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नाव कायद्यानं बदलून घेतलं. आमचं ठरलेलं, छोटं, हसरं नाव दिलं. घरात लाल दोरा ठेवला नाही. सगळं रीतसर केलं.

फक्त एक गोष्ट झाली. मुलगा हसायचा थांबला.

आधी वाटलं, नवी जागा आहे. मग वाटलं, दात येतायत. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, काही मुलं गंभीर असतात. गुदगुल्या केल्या तर माझा हात धरून बाजूला ठेवायचा. रागानं नाही, समजुतीनं. दीड वर्षाचं पोर आईची समजूत घालतंय.

शेजारच्या बायका म्हणतात, किती शहाणा मुलगा! आमच्याकडे पाठवा, आमच्या कार्ट्यांना वळण लागेल.

आता तो साडेपाच वर्षांचा आहे. स्वतःच्या शर्टाची घडी स्वतः करतो, कडक. आणि कुठल्याही खोलीत येण्याआधी दारावर दोनदा टकटक करतो. 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.

एकदा नवरा कौतुकानं बोलून गेला, "अगदी दादासारखा."

मग त्यानं घाईघाईनं टीव्ही लावला.

पण मी त्याच्यावर माया केली. ते मला सांगायलाच हवं. गेल्या वर्षी मला ताप होता. तो उशाशी बसून राहिला, सगळी दुपार. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून. "तू झोप, मी आहे," म्हणाला. असं म्हणणारं या जगात मला दुसरं कुणी भेटलेलं नाही. मी त्याला घट्ट धरलं आणि मनाशी म्हटलं, नाही हसला तर नाही हसला. माझाच आहे.

मागच्या मंगळवारी फोन आला.

दुपार होती. नवरा कामावर, मुलगा आतल्या खोलीत चित्र काढत होता. नंबर ओळखीचा नव्हता.

"सूनबाई."

चार वर्षांनी तो आवाज ऐकला. म्हातारा झाला होता, पार झिजलेला. लाँड्री दोन वर्षांपूर्वीच बंद झाली, हे मला नवऱ्याकडून कळलं होतं. बॉयलर भंगारात गेला. यंत्रं गेली. खालचा गाळा रिकामा.

"आई? बऱ्या आहात ना?"

फोनमध्ये मागे कुठेतरी...

फुस्स.

आणि कुणीतरी हसलं.

खदखदून. पोट धरून.

शेवटी एक उचकी.

मी भिंतीला धरून फरशीवर बसले. ते हसणं चौदा महिन्यांचंच होतं. चार वर्षांत एक दिवसानंही मोठं झालं नव्हतं.

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"दिवसभर हसतो गं. त्या खणाशी बसते मी, आणि तो हसतो. पहिल्यांदा वाटलं, सुखात आहे म्हणून हसत असेल. मी मनाला समजावलं. चार वर्षं समजावलं." त्यांना धाप लागली. "पण माझा कधी हसायचा नाही. मी आई आहे. मला कळत नाही का? हा माझा नाही, सूनबाई."

मी तोंडावर हात दाबून धरला होता.

"तुझ्याजवळचा... तो दारात थांबतो का गं? आत येण्याआधी?"

खोटं बोलायचं होतं मला. जीभ वळली नाही.

"थांबतो."

पलीकडून एक हुंदका आला. तो माझ्या कानात अजून आहे.

"मग घेऊन ये त्याला," त्या म्हणाल्या. "काउंटर अजून आहे. समोरासमोर ठेवू. तुझं तू घे, माझं मला दे. धंद्यात असंच करतात ना? मी जास्त दिवसांची नाही. एकदा मला त्याला 'ये' म्हणू दे."

मागे पुन्हा उचकी लागली. नुसती उचकी. हसणं नाही. लहान मूल रडायच्या आधी थांबतं, तसं काहीतरी...

फोन कट झाला.

तेव्हापासून डोक्यात हिशोबच लागत नाही. सासूबाईंचा मुलगा मी वाढवला आणि माझा सासूबाईंनी. सुनेनं सासूची सेवा करावी म्हणतात, ती याहून काय वेगळी असते?

माझं बाळ चार वर्षं एका लाकडी खणात हसतंय. ते मला हवंय. त्याच्या आठवणीनं छाती फुटते माझी. पण ते घ्यायचं तर हातातलं परत द्यावं लागणार. 'तू झोप, मी आहे' म्हणणारं. खूण तर मी माझ्याच हातांनी उसवून बसलेय. कुठलं कुणाचं, ते बघायचं कशावरून? आणि काउंटरवर ठेवल्यावर दोन्ही गेली तर? दोघांत मिळून शरीर एकच आहे.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो म्हणेल, आई म्हणते तसं करू.

आत्ता दुपारचे तीन वाजून गेलेत. हे लिहायला बसले, तेव्हा मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. मघाशी बाहेर पावलं वाजली. बुटांची. तो घरात कधी बूट घालत नाही, सांगावंही लागत नाही.

मी त्याला फोनबद्दल काही बोलले नव्हते. एक शब्दही नाही.

दारावर दोनदा टकटक झालं.

तो बाहेर उभा आहे. मला माहीत आहे, तो थांबेल. कितीही वेळ थांबेल.

मी अजून 'ये' म्हटलेलं नाही.